वगळलेला झरा

जेवल्यावर मल्हार टिपणीस पाच मिनिटं आडवा होतो. ही पाच मिनिटं आजवर कुठल्याही घड्याळात मावलेली नाहीत. छातीवर प्रुफांचा गठ्ठा आहे. अनंत तेरेखोलकरांची जुनी बालकादंबरी: सहलीची होडी भरकटते आणि एक मास्तर, तीन मुलं ओसाड बेटावर अडकतात. तेरेखोलकर जाऊन बरीच वर्षं झाली. नव्या आवृत्तीसाठी पुस्तक जरा चटपटीत करायचं काम मल्हारकडे आलं, ते त्याने मन लावून केलं. उद्या छपाई.

पंख्याच्या आवाजात एक लाट मिसळते. मल्हार दुर्लक्ष करतो. वरच्या मजल्यावरचे लोक काहीही करतात.

दारात एक म्हातारे गृहस्थ उभे आहेत. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पोटऱ्या ओल्या. मल्हार त्यांना फोटोवरून ओळखतो. मागच्या पानावर जागा पुरेना म्हणून त्याने फोटोतला उजवा खांदा हातासकट कापला होता. तो खांदा इथेही नाही.

"सर, बसा ना."

"बसायला सवड नाही. पाणी दे आधी."

मल्हार स्वयंपाकघरात जातो. खाली वाळू आहे. ओट्याच्या जागी खडक, आणि लांब ओहोटीत फ्रीज उभा आहे, दार उघडं, आत दिवा लागलेला.

"सातवं प्रकरण काय केलंस?" तेरेखोलकर मागून विचारतात.

"काढलं, सर. नुसते चालतायत, चालतायत. हल्लीच्या मुलांना कंटाळा येतो."

"कशासाठी चालतायत?"

मल्हार आठवून बघतो. "निसर्ग बघायला?"

"झरा शोधायला. त्या बेटावर गोडं पाणी तेवढंच."

लाट येते आणि आवाज न करता परत जाते.

"पण संपादिकाबाईंनी दोनदा वाचलं. कुणालाच काही खटकलं नाही."

"त्यांना तहान लागली नव्हती."

खडकामागे इमारतीचा जिना आहे. जिन्याखाली मास्तर आणि मुलं टोपाभोवती बसली आहेत. आठव्या प्रकरणात ती पेज पितात, म्हणून ती पेज पितायत. टोपात कोरडी वाळू आहे. मास्तर प्रत्येकाला सारखी वाढतात.

"हेच का ते, मास्तर?" मुलांतली कुंदा विचारते. तिच्या ओठांवर मीठ साचलंय. "चटपटीत करणारे?"

"हेच. नमस्कार कर."

"दादा, पुढच्या प्रकरणात मला गाणं म्हणायचंय. पण हे बघा." ती तोंड उघडते. आतून पान उलटल्यासारखा आवाज येतो, बस.

सगळ्यात धाकटा सदू वाळूत कुशीवर पडलाय.

"हा झोपलाय का?" मल्हार विचारतो.

"आम्हीही तसंच म्हणतोय," मास्तर म्हणतात.

मल्हार वळतो. "सर, तुम्हीच लिहा ना चार ओळी. पुस्तक तुमचं आहे."

"लिहू कशाने? हात तू ठेवून घेतलास." ते सदूपाशी बसतात. त्यांच्या धोतराचं पाणी वाळूवर पडतं. मुलं त्याकडे बघतात, मग मान फिरवतात. ते खारं आहे. "शेवटच्या पानावर चौघं घरी पोचतात. ते तू तसंच ठेवलंस. म्हणजे सदूही पोचणार. पण उचलून न्यावा लागेल."

मल्हारला काहीतरी बोलायचं असतं. त्याच्याही तोंडातून पान उलटतं.

तो जागा होतो. खिडकीत ऊन आहे, पंखा नुसता पंखा आहे. छातीवरच्या गठ्ठ्यावर नारळाची करवंटी ठेवलेली आहे. आतून ती खरवडून अगदी गुळगुळीत केलेली, बारीक नखांनी.

तो ती घेऊन नळाखाली धरतो. करवंटी भरते आणि रिकामी होते. तो उलटी करून बघतो, भोक नाही. पुन्हा भरतो. पुन्हा रिकामी. तिसऱ्यांदाही. चौथ्यांदा मात्र, सदूच्या पाळीला, पाणी तसंच राहतं, काठोकाठ, हलतही नाही.

मल्हार दुसऱ्या हाताने संपादिकाबाईंना फोन लावतो.

"शुभदाताई, छपाई थांबवा. सातवं प्रकरण परत घालायचंय."

"अरे, तूच म्हणालास ना, रटाळ आहे?"

"आहेच. सगळंच्या सगळं घाला. आत्ता घाला, ताई, तुमच्यासमोर फाईल उघडी असेल तर."

"पानं वाढतील, मुखपृष्ठाचा कणा बदलेल—"

"ताई."

पलीकडे थोडा वेळ नुसती कीबोर्डची टकटक ऐकू येते. मल्हार करवंटीवरची नजर काढत नाही.

"बरं बाबा, घातलं," शुभदाताई म्हणतात.

पाणी काठाशी थरथरतं. मग अगदी जरासं खाली जातं.