ताकातलं इन्सुलिन

त्या काळी मी एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. तोंडातून घेता येईल असं इन्सुलिन बनवायचा आमचा खटाटोप चालला होता. पण आमच्या कोन गावात गोळी कधीच तयार झाली होती, कारण माझे बाबा गावभर तसं सांगत फिरायचे.

बाबांची साखर बेसुमार वाढलेली, पायाची जखम भरत नव्हती. डॉक्टरांनी इन्सुलिनची इंजेक्शनं लिहून दिली. बाबा सुईला घाबरायचे, पण तोंड वर करून म्हणायचे, "घरात गोली बनवनारी पोर हाय, मी कशाला टोचून घेऊ?"

"अजून उंदरांनाच पाजतोय, बाबा."

"म्हंजे उंदराला देतंस नि बापाला न्हाय?"

शेवटी आईने रडून त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. 'माजा मी टोचीन' म्हणत ते रोज जेवणाआधी खोलीचं दार लावून घेऊ लागले. तरी साखर काही उतरेना. डॉक्टरांनी डोस वाढवला. जखम काळी पडायला लागली, तशी माझी झोप उडाली.

एका रविवारी मी दार न वाजवताच आत गेले. बाबा सुईतलं इन्सुलिन ताकाच्या पेल्यात सोडत होते, अगदी मापात!

"तूच बोल्लीस ना, उंदराला तोंडातून देतात!"

संतापाने मी पेला हिसकावून घेतला. मग विचारलं, "लग्नात हळदीच्या जेवणाला मटण किती हाणता?"

बाबांना आपल्या पचनाचा भारी गर्व. "माज्या पोटात खडा पन पचंल!"

"मग इन्सुलिन बरं वाचेल! तेही मटणासारखंच पचून जातं. ते पचू नये म्हणून तर आम्ही डोकेफोड करतोय."

बाबा खूश. "म्हंजे माज्या पोटापुढं तुमची कंपनी हरली!"

"हरली. अजून किती वर्षं हरेल, देव जाणे."

हे ऐकून त्यांचं हसू मावळलं. त्यांनी पायाकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली. मग त्यांनी सदरा वर केला.

"टोच. तुजी गोली येईल तवर जगाया पायजे ना."

मी सुई भरली, पण ती त्यांच्या पोटाजवळ नेऊन थांबले.

"घाबरतंस काय गो," डोळे गच्च मिटून बाबाच मला म्हणाले.