काळ्या कव्हरचा भाव

समोर कुठलीही वस्तू आली की काका ती आधी डोळ्यांनी बघत नसत. अंगठा आणि पहिलं बोट तिच्यावरून हलकेच फिरवायचे आणि मग ती दोन बोटं नाकाशी न्यायचे. मी काढून दिलेली झेरॉक्ससुद्धा ते अशीच तपासून घ्यायचे. पहिल्यांदा मला रागच आला होता. दोन रुपयांच्या कागदाचा वास घेणारं गिऱ्हाईक तुम्हीही कधी पाहिलं नसेल.

नवी मुंबईत, कामोठ्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म. अशा दुकानात चार वर्षं बसलं की अर्ध्या सेक्टरच्या जन्मतारखा पाठ होतात. काका मागच्याच सोसायटीत राहायचे. त्यांचं पूर्ण नाव मी आधार कार्डावर शंभरदा वाचलंय, पण इथे लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही.

मूळचे साताऱ्याकडचे. सगळा जन्म मिरचीत गेलेला. आधी मुंबईत मशीद बंदरच्या मसाला मार्केटात आणि मार्केट वाशीला आलं तेव्हा वाशीला. पोत्यात हात घालायचा, मूठभर माल बाहेर काढायचा, चोळायचा, हुंगायचा आणि सांगायचं, ही एक नंबर, ही दोन नंबर, ही फटकी, म्हणजे रंग उडालेली. व्यापारी त्यांच्या तोंडाकडे बघून भाव बोलायचे. त्यामुळे बोटं नाकाशी नेण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. काकू म्हणायच्या, लग्नाआधी मला बघायला आले तेव्हा पोह्यांची बशी हातात घेऊन आधी हेच केलं होतं.

आता हा मिरचीवाला माणूस माझ्या दुकानात काय घेऊन यायचा, तर जुनी कॉमिक्स. मार्केटात पुड्या बांधायला रद्दी किलोवर यायची. तिच्यात पोरांची चित्रांची पुस्तकं असायची आणि काका ती फाडू द्यायचे नाहीत. जेवणाच्या सुट्टीत पोत्यावर बसून वाचायचे आणि हमालांना वाचून दाखवायचे. दीडएकशे पुस्तकं त्यांनी अशी वाचवली होती. पुढे मुलाने मोबाइल हातात दिला, त्यात जुन्या कॉमिक्सचे शौकीन भेटले, आणि काकांना कळलं की आपल्या कपाटात रद्दी नाही, माल आहे. त्या शौकिनांना फोटो पाठवायचे म्हणून ते माझ्याकडे स्कॅनला यायचे. स्कॅन होईस्तोवर माझी शिकवणी चालायची.

मी एकदा विचारलं, काका, चार आण्याच्या पुस्तकाला कोण एवढे पैसे देतं? त्यांनी चष्मा वर केला.

"ताई, भाव छापलं किती त्यावर नसतो. रद्दीतनं वाचलं किती त्यावर असतो."

आणि रद्दीतून वाचत का नाही, तर आयांमुळे. परीक्षा जवळ आली की आई कॉमिक्सचा गठ्ठा उचलून रद्दीवाल्याला देणार, हे ठरलेलं. तीच पोरं आता पन्नाशीची झालीत, चांगलं कमावतात आणि आईने टाकलेलं पुस्तक परत मिळावं म्हणून हट्टाला पेटतात. "हा सगळा धंदा आयांनी उभा केलाय," असं काका म्हणायचे. मी स्वतः दोन पोरांची आई असल्यामुळे यावर काही बोलायची नाही.

बाकीचं सगळं त्यांनी मिरचीवरूनच समजावलं. ज्या अंकात एखादा नायक पहिल्यांदा येतो तो पहिल्या तोड्याचा, म्हणजे पहिल्या खुडणीचा माल, त्याला मान जास्त. पनवेलकडे कुणाच्या माळ्यावर एकाच अंकाच्या पंधरा-वीस कोऱ्या प्रती सापडल्या आणि त्या अंकाचा भाव बसला, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आवक वाढली." पानं पांढरी राहिलीत का, पिना गंजल्यात का, कोपरे दुमडलेत का, हे सगळं बघायचं. आमच्याकडची खारी हवा पिनांना सोडत नाही, म्हणून त्यांची पुस्तकं तांदळाच्या पत्र्याच्या डब्यात राहायची. परदेशात म्हणे एक कंपनी आहे. तिच्याकडे पुस्तक पाठवलं की तिथली माणसं भिंग लावून दोष मोजतात, दहापैकी गुण देतात आणि पुस्तक कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. वरच्या गुणांत अर्धा गुण वाढला तर भाव दुप्पट होतो. हे ऐकून मला दहावीच्या निकालाची आठवण झाली.

काकांच्या दीडशे पुस्तकांत एक राजा होता. काळ्याशार पाण्यात कंदील घेऊन उतरणारा एक पाणबुड्या, आणि तो पहिल्यांदा आला तोच अंक. कव्हर जवळजवळ सगळं काळं. काळ्या कव्हरला भाव जास्त, कारण त्याच्यावर खोड लपत नाही. जरा दुमडलं की पांढरी रेघ दिसते, त्यामुळे धड राहिलेली काळी कव्हरं फार थोडी. काकांचं जवळजवळ धड होतं. पुस्तकाच्या पाठीवर, खालच्या पिनेजवळ, जिऱ्याएवढा पांढरा टवका होता, तेवढंच.

मागच्या वर्षी बातमी आली की पाणबुड्यावर सिनेमा निघणार. भाव उसळला. काकांचा मुलगा ऐरोलीला कंपनीत आहे, तो मागे लागला की आत्ताच गुण लावून आणा आणि विकून टाका. सिनेमा येणार येणार म्हणतात तोवरच भाव चढतो, आला की उतरतो, हे काकांनाही माहीत होतं. घ्यायला एक माणूसही तयार होता, गुण बघून पैसे देणार होता. काका हो म्हणाले आणि गुण देणाऱ्या कंपनीच्या इथल्या माणसाला फोटो पाठवायचे म्हणून पुस्तक घेऊन माझ्याकडे आले.

दुकानात येऊन त्यांनी धुतलेला रुमाल पसरला आणि त्यावर पुस्तक ठेवलं. कव्हरचे स्कॅन झाले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि रेंज मिळेना म्हणून ते रस्त्यावर गेले.

आता माझा हात कसा आहे ते सांगते. लोक माझ्याकडे जुने दाखले आणतात, डागाळलेले, घडीवर फाटलेले. मी झेरॉक्स काढते आणि डाग असेल तिथे व्हाइटनर लावते, अक्षर उडालं असेल तिथे काळ्या पेनने टिंब देते. कुणी सांगत नाही, पैसे मिळत नाहीत, पण कागद नीट दिसला की मला बरं वाटतं. त्या दिवशी समोर तो टवका होता आणि हाताशी काळा मार्कर. मी टोक टेकवलं. टवका नाहीसा झाला. मला वाटलं, काका खूश होतील.

काका आत आले. पुस्तकावरून दोन बोटं फिरवली, नाकाशी नेली. जरा उभे राहिले. मग रुमालात गुंडाळून पुस्तक पिशवीत घातलं, स्कॅनचे पैसे दिले आणि गेले. टवक्याचं मी सांगणार होते, पण पॅन कार्डवाली बाई घाईत होती.

दुसऱ्या दिवशी ते काहीही काम नसताना आले. स्टुलावर बसून त्यांनी मला मिरचीला तेल लावण्याची गोष्ट सांगितली. जुना, निस्तेज माल चकाकावा म्हणून काही लोक त्याला तेलाचा हात फिरवतात. शेतकऱ्याने सरळ सांगितलं की माल भिजलाय, तर भाव कमी होतो पण सौदा होतो. तेल लावून आणला तर पोतं परत. पुस्तकाचंही तसंच, म्हणाले. टवका असला तर गुण थोडे कापतात. पण त्या टवक्यावर कुणी पेन फिरवलं तर डबीवर वेगळ्या रंगाची चिठ्ठी लागते आणि भाव तिसऱ्या हिश्श्यावर येतो.

"फाटलेलं चालंल, ताई. झाकलेलं नाय."

 तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर चहा सांगू का. ते नको म्हणाले आणि उठले.

त्यानंतर दोन आठवडे काका दुकानात फिरकले नाहीत. माझी काय अवस्था झाली सांगू? पुस्तक परदेशात गेलं असणार. कुणीतरी भिंग लावून माझं टिंब बघत असणार. त्या म्हाताऱ्या माणसाने अर्धं आयुष्य जपलेली वस्तू मी एका टिंबात बाद केली, आणि दोष त्याच्यावर येणार. लबाड माणसाने पेन फिरवून माल पाठवला, असंच ते म्हणणार. पैशांपेक्षा मला त्याचं जास्त लागलं. एका मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला मी दुमडलेलाच लॅमिनेट केला. नवरा म्हणाला, इतकं टेन्शन घेतेस तर जाऊन सांगून टाक ना. सांगणं त्याला सोपं होतं.

एका गुरुवारी दुपारी दुकान बंद करून गेले. दार काकूंनी उघडलं. काका खिडकीशी लसूण सोलत बसले होते. मी बसलेही नाही.

"काका, त्या पुस्तकावर मार्कर मी लावला. तुम्ही फोनवर होतात तेव्हा. मला माहीत नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी कळलं आणि तरी मी गप्प बसले."

 लसणाचं ताट बाजूला ठेवलं, हात धुतले, पुसले आणि आतून तांदळाचा डबा घेऊन आले. त्यातून पाणबुड्या काढून माझ्यासमोर ठेवला. पुस्तक कुठेही गेलं नव्हतं.

"दुकानातच कळलं होतं," काका म्हणाले. "मार्करचा वास आला. तुमी सांगाल म्हणून थांबलो."

मी खाली बसले आणि रडायला लागले. काकूंनी पाणी दिलं. इतकं हलकं मला पोरांच्या वेळी बाळंत झाल्यावरही वाटलं नव्हतं, खरं सांगते. नुकसान तर झालंच होतं. काकांनी ते लपवलं नाही. "मोठं नुकसान झालंय, खोटं कशाला बोलू," म्हणाले. मुलाला स्कॅनच्या दिवशीच संध्याकाळी त्यांनी सांगितलं होतं की माल तेल लागलेला आहे, पाठवायचा नाही. कुणी लावलं ते सांगितलं नाही. मुलगा आठवडाभर फोनवर नीट बोलला नव्हता.

मी म्हटलं, मग तुम्ही रागावला कसे नाहीत? तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मला अजून शब्दाला शब्द आठवतं.

"अकरा वर्षं हे पुस्तक मी उघडलं नाय, ताई. पाठ मोडंल म्हणून. भाव कळला आणि वाचायचं बंद झालं. त्या डबीत गेलं असतं तर कुणीच उघडलं नसतं. तुमी टिंब दिलं आणि मी सुटलो."

मग त्यांनी पुस्तक उघडलं. पाठीचा बारीक कर्र आवाज आला आणि मी दचकले. काकांनी हसून पान उलटलं. हमालांना दाखवायचे तसं त्यांनी ते आम्हा दोघींना वाचून दाखवलं, पाणबुड्याचा आवाज जाड, खलनायकाचा नाकातला, आणि माशांचा बुडबुड असाही. एका पानावर हळदीचा पिवळा अंगठा उमटला होता. तो मशीद बंदरच्या एका हमालाचा, असं सांगून त्यांनी त्याच्यावर आपला अंगठा ठेवून बघितला. काकू म्हणाल्या, अकरा वर्षांनी घरात हा आवाज ऐकला.

यंदा उन्हाळ्यात काका-काकू गावी राहायला गेले. गुडघ्यांना जिने झेपेनात आणि गावातलं घर बैठं आहे. बाकीची पुस्तकं मुलाने नीट विकून दिली, भावही बरा आला. एवढ्यात मीच त्याला फोन करून टिंबाचं सांगितलं, तरी तो माझ्याशी नीट बोलतो. फोनवर म्हणाला, बाबांनी मला हे का नाही सांगितलं. सिनेमा अजून आलेला नाही.

जायच्या आदल्या दिवशी काका दुकानात आले तेव्हा गर्दी होती. त्यांनी काउंटरवर एक रुमाल ठेवला, हात केला आणि निघाले. सवड झाल्यावर मी तो उघडला. आत पाणबुड्या होता. आता तो माझ्या दुकानात स्टुलावर असतो. फॉर्म भरायला आलेली माणसं चाळतात, पोरं जमिनीवर बसून वाचतात, आणि पाठीवर आता टवकेच टवके झालेत.

रुमालात एक चिठ्ठीही होती, मार्केटात पोत्याला अडकवायचे तशी, त्यांच्या तिरक्या अक्षरातली. ती लॅमिनेट करायला माझे हात फार शिवशिवले, पण केली नाही. पुस्तकाच्या पहिल्या पानात तशीच ठेवली आहे.

"माल जुना. वास चांगला. दोष एक, सांगितलेला."