आधी शेवटचं पान

इंदापूर स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसणारे ते गृहस्थ सदा जुन्या काळातल्या हेरांच्या कादंबऱ्या वाचत. किल्ल्यात शिरलेला हेर आणि त्याच्यावर भाळलेली किल्लेदाराची मुलगी. शेवटचं पान ते आधी वाचत. शाळा सुटल्यावर गाडीची वाट बघत मी त्यांच्या खिडकीशी बसे, तेव्हा मला म्हणत,

"दोघं सुखरूप हायती कळलं की मग मजा येती, मास्तर."

एका दुपारी एक घाबरलेलं जोडपं बारामतीच्या गाडीत चढताना आम्ही दोघांनीही पाहिलं. गाडी सुटली आणि मुलीचे दोन भाऊ काठ्या घेऊन खिडकीशी आले.

"तात्या, आमची बहीण कुठल्या गाडीत बसली?"

पुस्तकातून मान वर न काढता ते म्हणाले, "सोलापूरच्या."

भावांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

त्यांची जीप सोलापूरच्या दिशेनं गेली. मग तात्यांनी पुस्तक मिटलं.

"मास्तर, ह्या दोघांचं शेवटचं पान कुठं बघायचं वो?"