भाषा प्रयोगशाळेची रंगसफेदी

समिती येणार म्हटलं की आमच्या कॉलेजात सगळ्यात आधी चुना यायचा. शिकवण्याचं काय व्हायचं ते होवो, भिंती पांढऱ्याशुभ्र पाहिजेत. त्या वर्षी मूल्यांकनाची समिती माझा इंग्रजी संभाषणाचा वर्गही तपासणार होती. शेरा चांगला आला तर वर्गाला मान्यता, नाहीतर वर्ग बंद, असं संस्थेने मला तोंडावर सांगितलं होतं. तळेगाव, रोहण्यासारख्या आसपासच्या गावांतल्या मुली एसटीने येऊन या वर्गात बसत. वर्ग बंद झाला तर त्यांना इंग्रजी शिकायला वर्ध्याला कोण पाठवणार होतं? मीही हट्टाला पेटले. वर्ग बंद होऊ द्यायचा नाही.

खोलीवर पाटी होती ‘भाषा प्रयोगशाळा’. आत नव्वदच्या दशकात घेतलेले कॅसेट प्लेअर आणि हेडफोन. मुलींनी ते वापरून वापरून जेरीस आणले होते. हेडफोनचा स्पंज झडला की जुन्या ओढणीचे तुकडे शिवून लावायच्या. आणि भिंत तर आमची वहीच होती. बोलताना जो शब्द अडखळेल तो पेन्सिलीने भिंतीवर लिहायचा, आणि न अडखळता जमला की जिने लिहिला तिनेच तो खोडायचा, असा माझा नियम. खोडलेल्या शब्दांनी भिंत भरली होती. समितीला मी तीच दाखवणार होते.

एका लग्नासाठी नागपूरला गेले आणि परत येऊन पाहते तर भिंत कोरी. ओढणीचे तुकडे काढून नवे स्पंज बसवलेले, आणि प्रत्येक हेडफोनवर प्लॅस्टिकची पिशवी. प्राचार्य दारातच उभे होते.

“पाहा मॅडम, कशी चमकून राह्यली खोली!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “सर, मुलींनी लिहिलेलं सगळं पुसलंत?”

“आता चुका काऊन दाखवता समितीले? आन् हे पाहा, त्या दिवशी कॉन्व्हेंटवाल्या चार पोरी बसवजा. त्या जंगलाकडच्या पोरींले सुट्टी देऊन टाका.”

“वर्ग त्यांचा आहे सर. त्या नसतील तर मीही नसेन.” एवढं बोलून मी निघाले. मागे ते बराच वेळ पुटपुटत होते.

समिती आली. शाल, श्रीफळ, तर्रीपोहे सगळं यथासांग झालं. मग ते आमच्या खोलीत आले; बाकांवर माझ्याच मुली होत्या. अध्यक्ष परप्रांतातले, उंच, कमी बोलणारे. त्यांनी एका पिशवीवरून बोट फिरवलं, भिंतीकडे पाहिलं आणि मला हिंदीत विचारलं, “मॅडम, यह कमरा कभी खुलता भी है?”

प्राचार्यांना ते कौतुक वाटलं. “एकदम न्यू कंडिशन, सर!”

मला रडू येईल की काय असं वाटलं. इतक्या वर्षांचा वर्ग त्या चुन्याखाली गाडला गेला होता. पण रडायला वेळ नव्हता. समोरच बसलेल्या एका मुलीला मी म्हटलं, “ऊठ, कॅसेट लाव.” घरी गोंडी बोलणारी, आष्टीकडच्या जंगलालगतच्या वस्तीतली ही मुलगी. प्राचार्यांना ज्यांना सुट्टी द्यायची होती, त्यांतलीच एक.

तिने पिशवी टराटरा फाडली, कॅसेट घातली, बटण दाबलं. आवाज नाही. प्राचार्यांनी रुमाल काढला. ती मात्र जराही गडबडली नाही. तिने प्लेअरच्या डाव्या अंगाला तळहाताने एक नेमकी थाप मारली आणि मशीन बोलू लागलं. शेजारच्या मुलीने न सांगता आपल्या मशीनच्या झाकणाखाली कागदाची घडी सरकवली. तिचंही सुरू झालं.

अध्यक्ष पहिल्यांदा हसले. न वापरणाऱ्याला अशी थाप येत नाही, हे सांगायची गरज उरली नाही. त्यांनी तिला इंग्रजीत विचारलं, इंग्रजी कठीण जाते का?

‘डिफिकल्ट’ म्हणताना ती दोनदा अडखळली. थांबली, पुन्हा म्हणाली. मग तोडक्या इंग्रजीत जे सांगितलं त्याचा अर्थ असा : “पहिलीत गेले तेव्हा मला मराठीही येत नव्हती सर. ती शिकले. ही पण शिकीन.”

अध्यक्ष खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि पुढचे प्रश्न तिलाच विचारले.

मंडळी चहाला गेल्यावर ती माझ्याकडे आली. “मॅडम, पेन्सिल आहे?” कोऱ्या भिंतीवर मधोमध तिने तो अडखळलेला शब्द लिहिला. प्राचार्य विसरलेला चष्मा घ्यायला आत आले होते.

“अवो, आताच तं चुना मारला!” ते ओरडले.

“राहू द्या सर,” मी म्हटलं. माझा आवाज बहुधा नेहमीपेक्षा वर गेला असावा. ते चष्मा घेऊन निघून गेले.

मान्यतेचं पत्र यायला पावसाळा उजाडला. प्राचार्य ते हातात घेऊन खोलीत आले. तोवर तिने तो शब्द खोडला होता.