सरकलेला दात

कुठलीही नवी वस्तू हातात आली की महानंदाकाकू ती आधी उलटी करून बघायच्या. दिंद्रुडला माझ्या शेजारीच त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. विकायला आलेल्या कुकरची शिट्टीसुद्धा त्या खोलून बघत. "कसं चालतंय ते कळल्याबिगर इकायचं कसं?" असं त्यांचं म्हणणं.

चाळिशी उलटल्यावर त्यांनी दातांना तारा बसवल्या, तेव्हा गावात बरीच कुजबुज झाली. हे पोरीबाळींचं काम, असं नणंदेनंही ऐकवलं. काकू म्हणाल्या, "दात माजे हायत, वयबी माजंच हाय." दोन वर्षांनी तारा निघाल्या. दात जागेवर राहावेत म्हणून डॉक्टरांनी झोपताना घालायला प्लास्टिकचा रिटेनर दिला. काकूंनी तो एक दिवसही चुकवला नाही.

मग काका आजारी पडले. अंबाजोगाईच्या दवाखान्यात काकू चार महिने त्यांच्या उशाशी होत्या. काका गेले. पुढं महिन्याभरानं आवराआवर करताना रिटेनरची डबी सापडली, पण तो दातांवर बसेना. सकाळीच त्या डबी घेऊन माझ्याकडे आल्या. चेहऱ्यावर दुःखापेक्षा नवल जास्त होतं.

"बाई, तोंड तेच, दात तेच. मग ह्यो बसंना कावून?"

दाबून पाहिल्यानं हिरडी दुखत होती. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती. मीच त्यांना अंबाजोगाईला घेऊन गेले.

तारा बसवणाऱ्या डॉक्टरबाईंनी आधी दाबू नका म्हणून बजावलं. रिटेनर घातला नाही की दात हळूहळू सरकतात, हे समजावलं. मग नवं माप घेऊन प्लास्टरचे दात बनवले आणि तारा काढल्या तेव्हाच्या जुन्या साच्याशेजारी ठेवले. काकूंनी चष्मा लावला. दोन्ही साचे फिरवून फिरवून पाहिले, प्रत्येक दातावरून नख फिरवलं. शेवटी खालचा एक दात दाखवत म्हणाल्या, "ह्यो फिरलाय." बरोबर तोच होता.

इतके दिवस घातला का नाही, असं डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मालकाला घास उतरत नव्हता. मला माज्या दाताची याद कुठनं यावी?"

डॉक्टरबाईंनी तो दात पुन्हा एकदा तपासला. मग म्हणाल्या की काही महिने पुन्हा तारा लावल्या तर दात मूळ जागी येईल. नाहीतर आहे त्या जागेवर बसेल असा नवा रिटेनर करता येईल. चावायला त्रास होईल का, अजून सरकेल का, काकूंनी सगळं विचारून घेतलं.

"त्यो त्यांच्या आजारपणात सरकलाय," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या तितंच. पण आता हितनं फुडं जाऊ देऊ नका."

काकू आता लातूरला लेकीकडे असतात. मला मात्र त्या दिवशीची परतीची एसटी आठवते. काका गेल्यापासून पहिल्यांदाच काकू त्यांच्याबद्दल बोलू लागल्या. दिंद्रुड आलं तरी बोलणं संपलं नव्हतं. आम्ही उतरलो आणि स्टँडवरच्याच बाकावर बसलो.