शिडीवर आधी कोण

माझ्या सासूबाईंनी यवतमाळच्या एका शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला, पण एकही वाळवंट कधी पाहिलं नव्हतं. हे त्यांनी आम्हाला सांगितलं ते ओहायोत आमच्याकडे कायमच्या राहायला आल्यावर तिसऱ्या वर्षी, एका रविवारी पोळ्या लाटता लाटता. "वाऱ्याचं कार्य, नदीचं कार्य. खनन, वहन, संचयन. फळ्यावर शेकडो वेळा काढलं असेल. खरी घळई मात्र काही बघितली नाही बाप्पा." तक्रारीचा सूर नव्हता. पण नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवला आणि त्याच दुपारी विमानाची तिकिटं बुक केली.

ऑगस्टमध्ये आम्ही तिघं ओहायोतल्या आमच्या डब्लिन गावाहून निघालो. मुलगी कॉलेजात होती, ती आली नाही. अ‍ॅरिझोना आणि युटाच्या सीमेवर एक लहानसं गाव आहे, तिथल्या मोटेलमध्ये दोन खोल्या घेतल्या होत्या. पहिल्याच सकाळी सासूबाई स्वेटर घालून बाहेर आल्या आणि थंडीने हरखून गेल्या. "वाळवंट म्हणजे उकाडा, असं लिहिणाऱ्या पोरांचे मी मार्क कापायचे," त्या म्हणाल्या. "दीड हजार मीटरवर आहोत आपण. उंचीवरचं वाळवंट. रात्री गार पडणारच."

दोन दिवस त्या आमच्या गाइड होत्या. लांबवर सपाट माथ्याचे लाल डोंगर दिसले की गाडी थांबवायला लावायच्या आणि कुठला थर आधीचा, कुठला नंतरचा ते बोटाने दाखवायच्या. कड्याच्या कपारीत बांधलेली शेकडो वर्षांपूर्वीची घरं आम्ही पाहिली. तिथे मका दळून दळून खोलगट झालेला दगड होता. सासूबाई त्याच्यापाशी एवढा वेळ उभ्या राहिल्या की मागचे लोक खोळंबले. रस्त्याकडेला तिथल्या मूळ रहिवासी नवाहो जमातीची एक बाई तळलेला पाव विकत होती, तो खाऊन त्या म्हणाल्या, "ही तर आपली पुरी, फक्त अंगाने भरलेली." मी तीन वर्षं त्यांच्याबरोबर राहत होते, पण त्यांना एवढं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. आमचं बरं चाललं होतं, हे सांगायला हवं. भांडणं नव्हती. मी त्यांना डॉक्टरकडे नेत होते, त्या माझ्या डब्यात भाजी भरत होत्या.

तिसऱ्या दिवशी घळईत जायचं होतं. सकाळी नवऱ्याच्या ऑफिसातून फोन आला, प्रॉडक्शन डाउन होतं, म्हणजे कंपनीची चालू सिस्टिमच बंद पडली होती. "तुम्ही दोघी जा यार, मी कॉलवर बसतो," तो म्हणाला. आम्ही दोघी गेलो.

घळई एका नवाहो कुटुंबाच्या वाटणीच्या जमिनीत होती आणि त्या घरचीच पन्नाशीची एक बाई लोकांना आत नेऊन दाखवायची. त्या दिवशी आम्ही दोघीच होतो. तिने आधी आकाश पाहिलं, मग फोनवर हवामान. "पाऊस सांगितलाय, पण दुपारी आणि लांब उत्तरेला," ती म्हणाली. "आपण अकराच्या आत बाहेर असू." तिच्या कमरेला वॉकीटॉकी होता. वरच्या अंगाला तिच्या भावाची मेंढरं होती, तो तिकडून लक्ष ठेवायचा.

आत शिरलो आणि मीसुद्धा गप्प झाले. दोन्ही बाजूंना लाल-केशरी भिंती, पाण्याने घासून घासून गुळगुळीत झालेल्या. वर आकाशाची एक निळी चीर. खाली वाट इतकी अरुंद की एकामागे एक चालायचं. पुढे ती बाई, मधे सासूबाई, शेवटी मी. सासूबाई भिंतीवरून तळहात फिरवत चालल्या होत्या. "वालुकाश्म," त्या पुटपुटल्या. "बघ, बघ, पाण्याने कसं कोरलंय." वाटेत एका ठिकाणी भिंतीला लोखंडी शिडी पक्की ठोकलेली होती, दोन मजले उंच असेल. बाई थांबली. "पाणी आलं तर इथून वर," ती म्हणाली. आमच्या पायाखाली कोरडी ठणठणीत वाळू होती. वरची चीर स्वच्छ निळी होती. मी हसले होते, हे मला आठवतंय.

शिडीपासून आणखी दोन वळणं पुढे गेलो असू. वॉकीटॉकी खरखरला. तिच्या भावाचा आवाज, नवाहोत, तीन-चारच शब्द. बाई वळली. तिचा चेहरा बदलला नव्हता, म्हणून मला आधी काही कळलंच नाही.

"मागे फिरा. शिडीकडे. थांबू नका."

मागे फिरल्यावर मी सगळ्यांत पुढे झाले. सासूबाई माझ्या पाठोपाठ, त्यांच्यामागे ती बाई. ती मागून ओरडून सांगत होती, "शिडीपाशी थांब! ग्रँडमा आधी! तू तिच्या मागोमाग, खालून आधार दे. मी शेवटी!" मी "ओके" म्हणाले. म्हणजे मला ऐकू आलं होतं. समजलंही होतं.

मी शिडीपाशी पोचले आणि सांगितल्याप्रमाणे बाजूला झाले. सासूबाई आल्या. त्यांचे गुडघे दुखतात, पण त्यांनी पायरीवर पाय ठेवला, हात वर केला आणि डोक्याच्या उंचीची पायरी घट्ट धरली. त्याच वेळी आवाज आला. ट्रकमधून खडी ओतल्यासारखा, फक्त थांबत नाही असा. भिंतीतूनच आल्यासारखा वाटला. मग वारा आला, घळईच्या आतून, गार, कुजक्या चिखलाचा वास घेऊन.

त्यानंतर मी जे केलं ते मी सरळ लिहिते. मी सासूबाईंचा हात धरला आणि त्या पायरीवरून काढला. मला ती पायरी हवी होती. त्यांना खांद्याने बाजूला सारलं आणि मी वर चढले. एकदाही खाली पाहिलं नाही. वर पोचल्यावर थांबलेही नाही, खडकावरून पंधरा-वीस पावलं पळाले, एका झुडपाला अडकून गुडघ्यावर पडले, तेव्हा कुठे थांबले.

मागे वळले. शिडीच्या टोकाशी आधी सासूबाईंचे पांढरे केस दिसले, मग चष्मा. त्या डोळे मिटून चढत होत्या. खालून ती बाई आपला खांदा त्यांच्या मांड्यांखाली लावून त्यांना अक्षरशः वर लोटत होती. सासूबाई खडकावर पालथ्या पडल्या. एका पायात बूट नव्हता. बाई वर आली, रांगत, धापा टाकत. मी मोजलं नाही, पण मला वाटतं दोन मिनिटंही गेली नसतील.

पाणी आलं. पाणी म्हणायचं ते सवयीने. तपकिरी काल्यासारखं काहीतरी होतं, त्यात दगड होते, एक सबंध झाड होतं मुळांसकट, कुणाच्या तरी कुंपणाची तार होती. खाली मघाशी जिथे आम्ही उभ्या होतो तिथे ते दोन पुरुष उंचीइतकं चढत गेलं. आमच्या डोक्यावर ऊन होतं. एक थेंब पडला नव्हता.

बाईने आधी सासूबाईंना पाणी पाजलं. मग माझ्याकडे आली.

"मी सांगितलेलं तुला ऐकू आलं होतं?"

"आलं होतं."

"ओके," ती म्हणाली. बाटली माझ्या हातात दिली आणि परत सासूबाईंजवळ जाऊन बसली.

मोटेलवर नवरा धावत आला. सासूबाईंचा पाय सुजला होता, कोपर सोललं होतं. त्यांनी पलंगावर बसून त्याला सगळं सांगितलं, वर्गात सांगावं तसं क्रमाने: वरच्या भागात पाऊस, कठीण खडक, पाणी मुरायला जागा नाही, म्हणून एवढा लोंढा. आणि मग म्हणाल्या, "ही आधी चढली, वरून मला हात दिला. बाई खालून होतीच. म्हणून वाचले."

मी बर्फाची पिशवी त्यांच्या घोट्यावर धरून बसले होते. मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. नवऱ्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "थँक गॉड तू होतीस," तो म्हणाला. आणि मी तो हात तसाच डोक्यावर राहू दिला.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना चालवत नव्हतं म्हणून आम्ही गाडीनेच एका कड्यापर्यंत गेलो. नवरा कॉफी आणायला गेला तेव्हा मी विचारलं.

"आई, तुम्ही त्याला खोटं का सांगितलंत?"

त्यांनी समोरच्या दरीवरची नजर काढली नाही.

"अगं, मला राग नाही आला असं समजू नकोस," त्या म्हणाल्या. "आलाय. रात्रभर होता, आत्ताही आहे. तू माझा हात काढलास ना, तेव्हा मला वाटलं ही कुणी अनोळखी बाई आहे. गर्दीतली."

मी माफी मागायला तोंड उघडलं.

"थांब. रडू नकोस, तो येईल. त्याला सांगितलं तर तो आयुष्यभर तेच उगाळत बसेल. तुमचं घर आहे. त्या घरात मलाही राहायचंय. उद्या पडले-झडले तर मला बाथरूममध्ये नेणार तूच आहेस. म्हणून सांगितलं तसं. तुझ्यासाठी नाही."

ऑफिसात मी माणसांना धीर देणारी म्हणून ओळखली जाते. सर्व्हर कोसळला की लोक मला फोन करतात, मी घाबरत नाही म्हणून. पन्नास वर्षं मी स्वतःला ओळखते असं मला वाटत होतं. त्या शिडीवर जी चढली ती कोण होती, ते मला कुणाला विचारताही येत नव्हतं. काही दिवस स्वयंपाकघरात काम करताना मी मधेच माझे हात बघत राहायचे.

घरी परतल्यावर दोन महिने असेच गेले. सासूबाई नेहमीसारख्या बोलत होत्या, भाजी चिरून देत होत्या. मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात नवऱ्याने ती गोष्ट चार लोकांना सांगितली. एक काकू म्हणाल्या, "सून असावी तर अशी." सासूबाई शेजारीच होत्या. त्यांनी ताटातली करंजी उचलली आणि खाल्ली. मी बाहेर पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिले. थंडीत, कोट न घालता.

पुढच्या शनिवारी सकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता. ऐकताना त्याच्या हातात एक टॉवेल होता, तो त्याने तीनदा घडी घालून तीनदा उलगडला.

"हात काढलास म्हणजे? झटकलास?"

"काढला. एकेक बोट नाही, सगळा हात धरून."

"आणि आईला माहितेय?"

"हात त्यांचाच होता."

टॉवेल ठेवून तो वर आईच्या खोलीत गेला. दार उघडंच होतं, मला खाली ऐकू येत होतं. तो एवढंच म्हणाला, "आई, तिने सांगितलं." मग सासूबाईंचा आवाज, "सांगितलं? बरं झालं. मला सांभाळून बोलायचा कंटाळा आला होता."

दोघं खाली आले. नवरा खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. पुढे बरेच दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला, आणि मी त्याला दोष देत नाही. सासूबाई मात्र टेबलाशी माझ्यासमोर बसल्या आणि पहिल्यांदाच त्या दिवसाबद्दल बोलायला लागल्या, मी न विचारता.

"तुझ्या बुटांना वाळू होती," त्या म्हणाल्या. "तू चढत होतीस तशी ती माझ्या डोळ्यांत पडत होती. म्हणून मी डोळे मिटले. त्या बाईचा खांदा इतका टणक होता, मला लागत होता. मी तिला मराठीत सांगत होते, अगं राहू दे, तू जा, तू जा. तिला काय कळणार! ती आपली ढकलतेय." त्या थांबल्या. "मला मरायची भीती नाही वाटली गं. बूट निघाला त्याचंच वाईट वाटत होतं. नवीन होते."

त्यांना हसू आलं, मग एकदम त्यांचं तोंड वाकडं झालं आणि त्या रडल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मी उठले नाही. जवळ जायचा हक्क आपल्याला आहे की नाही, ते मला ठरवता येईना.

त्यांनी पदराने डोळे पुसले, चष्मा परत लावला.

"आता तू सांग," त्या म्हणाल्या. "वर गेल्यावर काय केलंस? सगळं सांग."

मी सांगायला लागले.