खांबाच्या पायथ्याशी

मी विजेच्या लाइनवर काम करणारा वायरमन आहे. गेल्या वर्षी असे काही महिने गेले, की खांब नुसता दिसला तरी माझ्या तळहातांना घाम सुटायचा. हे सांगावं तरी कुणाला? वायरमनला खांबाची भीती वाटते म्हटल्यावर लोक हसलेच असते.

त्याला कारण होतं. शिवाजीदादा माझे जोडीदार. वयानं मोठे, मला कामाला लावणारे, मला हाक मारताना नेहमी ‘लेका’ म्हणणारे. परतूरकडच्या एका शिवारात लाइन दुरुस्त करताना त्यांना शॉक लागला. लाइन रीतसर बंद करून घेतलेली होती. पण जवळच कुणीतरी जनरेटर सुरू केलं आणि त्याची वीज उलटी तारेत शिरली. मी खाली दोर धरून उभा होतो. दादा वर होते, आणि पुढच्याच क्षणी नव्हते.

त्यानंतर मी कामावर जात राहिलो, पण वर चढायचं काम काही ना काही सबब सांगून टाळत राहिलो. आमचं कुटुंब ख्रिस्ती. कुंभार पिंपळगावात नोकरीमुळे राहतो. तिथं आमच्या लोकांची दोन-चारच घरं. संध्याकाळी मी आणि माझी बायको रूथ प्रार्थनेला बसायचो. तिचे शब्द सरळ देवाकडे जायचे. माझे मात्र छातीतच अडकायचे. ‘प्रभू, माझी भीती काढून टाक,’ एवढंच मी म्हणायचो, आणि सकाळी उठलो की ती भीती उशाशी बसलेलीच असायची. मनात यायचं, दादांचीही लेकरं रोज देवापुढं दिवा लावत होती. मग? याचं उत्तर मला तेव्हा मिळालं नाही, अजूनही मिळालेलं नाही. एकदा परतूरहून आमच्या चर्चचे पाळकसाहेब घरी आले होते. त्यांना मी हे बोलून दाखवलं. त्यांनी काही समजावलं नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी दादांच्या लेकरांसाठी प्रार्थना केली. त्याचा मला आधार वाटला.

वैशाखात एका संध्याकाळी जोराचं वादळ झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या एका वस्तीवर मला पाठवलं. बाकीची माणसं मोठ्या लाइनीवर गुंतलेली, त्यामुळे मी एकटाच. वस्तीच्या रस्त्यावर कडुलिंबाचं मोठं झाड आडवं पडलेलं. गाडी अलीकडेच ठेवून, शिडी खांद्यावर घेऊन मी चालत निघालो. झाडापाशीच एक म्हातारी वाट बघत उभी होती. नाव गिरजाबाई. मला बघून ती पळतच आली.

“भाऊ, जल्दी करा हो. आमच्या म्हाताऱ्याला ऑक्सिजनचं मशीन हाय घरी. काल सांजच्यापासून बंद हाय. त्याला दम निघंना झाला. दवाखान्यात न्यावं म्हनलं, तर या झाडानं वाट अडवली.”

“करतो मावशी, लगेच करतो,” मी म्हणालो, तशी ती घराकडे परतली.

फोन करून लाइन बंद असल्याची खात्री करून घेतली. बिघाड कुठं आहे ते दिसतच होतं. हातमोजे घातले, पट्टा बांधला, शिडी खांबाला लावली, पहिल्या पायरीवर पाय ठेवला. आणि थांबलो. पाय उचलेना. वर बघितलं की डोळ्यांपुढं दादाच यायचे. तिकडं एक माणूस श्वासासाठी तडफडतोय आणि मी इकडं पहिल्याच पायरीशी अडकून उभा. माझी मलाच लाज वाटली.

शेवटी मी तिथंच मातीत बसलो. पाठ खांबाला टेकवली, डोळे मिटले. या वेळी भीती काढ असं म्हणवलंच नाही. म्हणालो, “प्रभू येशू, माझ्याच्यानं हे होत नाही. मी तुझा आहे. त्या म्हाताऱ्याला सांभाळ, आणि माझं तुला जे करायचं ते कर.” एवढं बोलून मी तसाच डोळे मिटून बसलो. मन हळूहळू निवत गेलं. भीती होती, पण तिच्याशी माझं भांडण उरलं नव्हतं. आता उठावं म्हणून मी शिडीला हात घातला, तेवढ्यात गिरजाबाईची हाक आली. तांब्याभर पाणी घेऊन ती बांधावरून धापा टाकत येत होती.

“भाऊ, आता घाई नका करू! मशीन सुरू झालं. चक्कीवाल्यानं त्याचं जनरेटर आनलं अन् आमच्या बोर्डात वायर लावून दिली. तुमी बसा, पानी प्या. मघाशी लई घाई केली मी, म्हनून सांगाया आले.”

जनरेटर म्हटल्याबरोबर मी शिडीवरचा हात काढला. मी तिच्याबरोबर घरी धावलो. मेन स्विच चालूच होता. जनरेटरची वीज घरातून बाहेर पडून त्या तुटक्या लाइनीत शिरत होती. मी पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हाच चढलो असतो, तर ती वर्दी पोचायच्या आधीच माझा हात तारेवर असता.

मी मेन स्विच खाली ओढून बंद केला, म्हणजे घराचा लाइनीशी संबंध तुटला. मशीन जनरेटरवर चालू राहिलं. चक्कीवाल्याला सगळं समजावून सांगितलं, तसा तो बिचारा मटकन खालीच बसला. मग स्विचपाशी त्यालाच राखणीला बसवून मी खांबाकडे परतलो. तार तपासली. शांतपणे चढलो. हात ओले होते, पण पाय अडले नाहीत. दुपारपर्यंत वस्तीत लाइट आली.

निघताना म्हाताऱ्याला भेटलो. नाकात नळी, पण चेहऱ्यावर तरतरी होती. गिरजाबाई म्हणाली, “तुमी खांबाखाली डोळे मिटून बसल्ते, लांबून बघितलं मी. काय करून राह्यले होते?”

“प्रार्थना करत होतो, मावशी. तुमच्या घरच्यांसाठी पण.”

म्हातारा एकेक शब्द जुळवत बोलला, “तुमच्या देवाला... आमचा नमस्कार सांगा.”

त्या दिवशी मला थांबवलं ते माझ्या भीतीनं, की देवानं, हे मी वाद घालून सांगणार नाही. मला एवढंच कळतं, की माझ्याकडं जे होतं ते सगळं, माझा भित्रेपणासुद्धा, मी त्याच्या हाती दिलं आणि त्यानं त्यातलं काहीच टाकून दिलं नाही. आजही चढण्याआधी मी क्षणभर डोळे मिटतो. दादांची आठवण येते, कधी रडूही येतं, आणि मग मी वर जातो.

वादळाच्या त्या आठवड्यातल्या रविवारी चर्चच्या उपासनेत उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानायची वेळ आली, तेव्हा मी उभा राहिलो. बोलायचं खूप होतं. पण शेवटी हात जोडून एवढंच म्हणालो, “प्रभू, वस्तीवरच्या त्या दोघांनी तुला नमस्कार सांगितलाय.”